मागची फळी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला फेस तसाच.

"भावजी, रेकॉर्डी घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. "सगळ्या तुम्हालाच द्यायच्या म्हणून सांगून गेलेत. आणि जरा वेळ काढून या. एक गोष्ट विचारायची आहे."

"विचारा की."

"फोनवर नको."

झालं! उरलेली अर्धी दाढी केली ती हनुवटी कापूनच. टिचक्याला जाऊन दीड महिना झाला होता आणि त्या दीड महिन्यात मी त्या घराची पायरी चढलो नव्हतो. बायकोने विचारलं की गुडघ्याचं निमित्त पुढे करायचो. गुडघा दुखतो हे खरं, पण तो गेली दहा वर्षं दुखतोय आणि तरी दर रविवारी मी तिथे जातच होतो. न जाण्याचं कारण दुसरंच होतं. नऊ वर्षांपूर्वी त्या घराच्या बाहेरच्या खोलीत मी एक शब्द बोललो होतो, आणि मला खात्री होती की वहिनींना तो आता कळलाय.

टिचक्या म्हणजे माझा दोस्त, वहिनींचा नवरा. आम्ही दोघं कपबशांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होतो. एकतीस वर्षं खुर्चीला खुर्ची लावून बसलो. आमचं काम म्हणजे ऐकणं. पहिल्या भट्टीतून कप निघाला, की अजून चकाकी चढलेली नसताना, खडूसारखा कोरडा असताना तो आमच्यापुढे यायचा. डाव्या हाताच्या तीन बोटांवर धरायचा, लाकडी काडीने कडेला हलकेच मारायचं आणि कान द्यायचा. आत केसाएवढी चीर असेल तर ती डोळ्याला दिसत नाही, पण आवाजात सापडते. चांगला कप खणखणीत बोलतो, चिरलेला बद्द. आम्ही दिवसभरात दोनच शब्द मोठ्याने म्हणायचो, 'धड' किंवा 'बद्द'. समोरच्या बाई त्याप्रमाणे कप उचलून इकडे नाहीतर तिकडे ठेवायच्या. सगळे जण काडी वापरायचे. हा गडी मधल्या बोटाने टिचकी मारायचा, म्हणून टिचक्या.

माझं नाव त्याने पहिल्याच दिवशी ठेवलं. मी नवा होतो, हुशारी दाखवायची खाज होती. एका दमात डझनभर कप बद्द म्हणून बाजूला सारले. त्याने त्यातला एक उचलला, टिचकी मारली, माझ्या कानाशी धरला.

"बहिरा आहेस का रे?"

"बद्दच आहे तो," मी म्हणालो.

"ओला आहे, गाढवा."

तेव्हा कळलं की भट्टीतून निघालेल्या कपावरची राख ओल्या स्पंजने पुसतात, आणि तो कच्चा कप ते पाणी पितो. ओला कप धडधाकट असला तरी बद्दच बोलतो. त्यामुळे आमच्या टेबलाचा एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण फोरमनसुद्धा मोडायचा नाही. बद्द म्हटलेला कप लगेच फोडायचा नाही. आमच्या पाठीमागे भिंतीला एक लांब फळी ठोकली होती, तिच्यावर ठेवायचा. रात्रभर वाळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी ज्याने बद्द म्हटलं त्यानेच तो खाली काढायचा, 'परत एकदा' म्हणायचं आणि पुन्हा वाजवायचा. दुसऱ्या कोणी त्यात तोंड घालायचं नाही. शेजारच्याला कितीही वाटलं की कप चांगला आहे, तरी त्याने गुळणी धरून बसायचं. ज्याच्या कानाने दोष दिला, त्याच्याच कानाने तो मागे घ्यायचा. शनिवारी संध्याकाळी फळीवर जे उरेल ते पिंपात, फोडायला.

"आणि टिचकी मारली की थांब," टिचक्याने मला त्या दिवशी सांगितलं. "मारल्या मारल्या काय निकाल लावतोस? आवाज संपू दे. कसा संपतो ते ऐक."

त्या दिवसापासून मी बहिऱ्या. माझं लग्न झालं, केस पांढरे झाले, नातवंडं झाली, तरी बहिऱ्याच.

आता गाण्याचं सांगतो. मी तेव्हा काय ऐकायचो ते सांगायलाही लाज वाटते. जे जोरात वाजेल ते. ढोल असला की गाणं चांगलं, दोन ढोल असले की फार चांगलं. जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावर ताल धरायचो आणि टिचक्या दाढ दुखत असल्यासारखं तोंड करायचा. एक दिवस म्हणाला, "रविवारी दहाला घरी ये. कान घेऊन ये."

गेलो. त्याच्या बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. खुर्च्यांच्या पाठीमागे भिंतीला रेकॉर्डींची फळी. त्याने एक रेकॉर्ड काढली, शर्टाच्या बाहीने नाही, त्यासाठी ठेवलेल्या मऊ फडक्याने पुसली, सुई ठेवली. कोणी बाई गात होती. भाषाही मला कळेना. मी बोलायला तोंड उघडलं तर त्याने नुसता हात वर केला. एक बाजू संपली. त्याने सुई उचलली, रेकॉर्ड पाकिटात घातली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. चहा घे आणि जा."

"दुसरी बाजू?"

"एका रविवारी एक बाजू."

पुढच्या रविवारी तीच बाजू. त्याच्या पुढच्या रविवारीही तीच! मी भडकलोच. म्हटलं, तुझ्याकडे एकच रेकॉर्ड आहे का रे भिकारड्या? तो हसला आणि पुन्हा तीच लावली. चौथ्या रविवारी काय झालं कोण जाणे. त्या गाण्यात एक चढ आहे. दुसऱ्या ओळीत बाई खालून वर जाते, दम न घेता, सलग, जिना चढावा तशी नाही तर दोर ओढावा तशी. मी त्या दिवशी तो चढ ऐकला. तीन रविवार तो माझ्या कानावरून गेला होता, चौथ्या दिवशी तो मला ऐकू आला. अंगावर सरसरून काटा आला. मी टिचक्याकडे बघितलं तर तो रेकॉर्डकडे नाही, माझ्याकडेच बघत होता. पुढच्या रविवारी दुसरी बाजू लावली.

असं त्याने मला घडवलं. तीस वर्षं, दर रविवारी दहा वाजता. कोणता वादक नुसती बोटं पळवतो आणि कोण खरंच काही सांगतो, कोणाचा सूर पहिल्या ओळीत लागतो आणि कोणाचा लागतच नाही, नुसता लागल्यासारखा वाटतो, हे सगळं मला त्याने शिकवलं आणि शिकवताना एक व्याख्यान दिलं नाही. आमची ही म्हणायची, "त्या मेलेल्या बाईचं गाणं तासभर ऐकता. मी जिवंत आहे, मला दोन मिनिटं द्या." तिचंही बरोबरच होतं.

पण माणसाला चव आली की माजही येतो. मला आला. लोकांकडे गेलो आणि कुठे गाणं लागलं की मी नाक मुरडायचो. कप तर विचारूच नका. हात आपोआप टिचकीला जायचा. एकदा मेहुण्याकडे गेलो होतो, मेहुण्याच्या बायकोने हौसेने नवा सेट काढला, पाहुण्यांनी खोली भरलेली. मी चहा संपवला, कपाला टिचकी मारली आणि मोठ्याने म्हणालो, "बद्द!" सवयीने, दुसरं काही नाही. तिने पुढची दहा वर्षं मला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. टिचक्याला हे सांगितलं तेव्हा तो हसता हसता खोकायला लागला. मग म्हणाला, "बहिऱ्या, तुझे कान मी केले. तोंडाचं काय करू?"

कारखान्यात यंत्र आलं. कप पट्ट्यावरून जायचा, एक लोखंडी बोट त्याला मारायचं आणि लाल नाहीतर हिरवा दिवा लागायचा. त्यात ओला काय नि वाळला काय. आम्हा दोघांना एकाच दिवशी घरी बसवलं. मला वाटलं आता रविवारसारखे सातही दिवस जाऊन बसू. पण टिचक्या तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार कुठेतरी गायब व्हायला लागला. विचारलं तर म्हणायचा, काम आहे. दोन वर्षं त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

मग एका रविवारी गेलो तर रेकॉर्ड लावलेली नाही. टिचक्या उभा, हातात व्हायोलिन.

"हे काय?" मी म्हणालो.

"शिकतोय. दोन वर्षं झाली." कान लाल झाले होते त्याचे. साठीचा माणूस, आणि मास्तरांपुढे पाटी धरून उभा राहावा तसा उभा. "बस. तुझ्यासाठी एक बसवलंय."

त्याने तेच गाणं वाजवायला घेतलं. पहिल्या रविवारचं, त्या बाईचं.

आता खरं सांगतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्याने गज तारेवर ठेवायच्या आधीच मी चिडलेलो होतो. दोन वर्षं माझ्यापासून लपवलं! मी इथे दर रविवारी शेजारी बसत होतो आणि याने मला हू की चू केलं नाही. आणि ते गाणं माझं होतं. त्याने दिलेलं, पण माझं. त्याला आता हा हात लावणार. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या माझ्या, आणि तशा झोंबलेल्या नाकाने मी ऐकायला बसलो.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला चढ आला. त्याचा हात कापला, बोट जरा खाली पडलं, वरचा सूर लागलाच नाही. घोगरा, दबलेला. त्याने तसंच पुढे रेटलं, गाणं संपवलं, गज खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "बद्द."

जीभ सुटली म्हणून सोडून देता आलं असतं. मेहुण्याकडे सुटली होती तशी. पण तेव्हा सवयीने म्हटलं होतं. या वेळी मला दुखवायचं होतं. टेबलावर असा शब्द पडला की वाद घालायचा नसतो, तसाच टिचक्या वागला. मान हलवली, व्हायोलिन पुसलं. मग रेकॉर्डींच्या फळीवर थोडी जागा केली आणि त्याने व्हायोलिन तिथे ठेवलं. पेटीत नाही, उघडंच. शेजारी गज. मग नेहमीसारखी एक रेकॉर्ड काढली आणि आम्ही एक बाजू ऐकली.

घरी जाताना मला वाईट वाटायला लागलं होतं. ठरवलं, पुढच्या रविवारी काहीतरी बोलू. पुढच्या रविवारी गेलो तर तो इतका नेहमीसारखा होता की म्हटलं, कशाला जखमेवरची खपली काढा. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग महिना झाला, वर्ष झालं. जितका उशीर होत गेला तितकं तोंड उघडणं अवघड होत गेलं. नऊ वर्षं गेली. दर रविवारी आमच्या पाठीमागे ते व्हायोलिन फळीवर असायचं. मी ते बघायचो. मला वाटायचं, शोभेला ठेवलंय. त्याने सोडून दिलं, आणि सोडायला मी लावलं, हे मनात होतंच. ते मनात दाबून मी रेकॉर्ड ऐकायचो.

आणि मग एक दिवस टिचक्या दुपारी आडवा झाला तो उठलाच नाही.

तर मी गेलो. हनुवटी कापलेली, हातात दोन रिकाम्या पिशव्या. वहिनींनी दार उघडलं. खोली तशीच होती. दोन खुर्च्या, टेबल, यंत्रावर फडकं. मी माझ्या खुर्चीत बसलो आणि शेजारच्या खुर्चीकडे न बघता समोर बघत राहिलो. वहिनींनी चहा आणला आणि त्या स्टुलावर बसल्या. त्या खुर्चीत नाही बसल्या.

"माझी भाची व्हायोलिन शिकते," त्या म्हणाल्या. "तिला हे हवंय. पण मला देता येत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"का येत नाही?"

"यांनी मागेच सांगून ठेवलंय. म्हणाले, रेकॉर्डी बहिऱ्याला, बाकी सगळं कोणालाही दे, पण व्हायोलिन बहिऱ्याने काढल्याशिवाय फळीवरून हलवायचं नाही." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नऊ वर्षं मी हे ऐकतेय, भावजी. बाहेर कोणापुढे का वाजवत नाही विचारलं की एकच उत्तर. बहिऱ्याने फळीवर ठेवलंय. म्हणजे काय हो?"

कप तोंडाशी नेत होतो तो मी खाली घेतला.

"वाजवत नाही म्हणजे?" मी म्हणालो. "तो वाजवत होता?"

"अहो, रोज! दुपारी दार लावून. मी स्वयंपाकघरात. तेच ते एक गाणं. शनिवारी तर दोन दोन तास. आणि रविवारी सकाळी तुम्ही यायच्या आत तारा जुळवून, गजाला राळ लावून परत त्या फळीवर. मी म्हणायचे, आज वाजवणार का? तर म्हणायचे, बघू, आज बहिऱ्या काय म्हणतो."

मी मान मागे वळवली. व्हायोलिन फळीवर होतं, उघडं. रेकॉर्डींच्या मध्ये बरोबर तेवढी जागा केलेली. माझ्या खुर्चीच्या पाठीमागे.

एकतीस वर्षं मी फळीकडे पाठ करून काम केलं. रोज सकाळी कामावर गेल्यावर आधी फळी बघायची, हे मला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. आणि नऊ वर्षं माझ्या पाठीशी माझ्याच नावाचा एक कप वाळत ठेवलेला होता आणि मला तो शोभेचा वाटला. त्याने कायदा पाळला. तो स्वतः म्हणू शकत नव्हता. ज्याने बद्द म्हटलं त्यानेच म्हणायचं. किती शनिवार आले, त्याने एकदाही फळी रिकामी केली नाही.

वहिनी वाट बघत होत्या. माझ्या मनात आलं, काहीतरी थाप मारू. म्हणू, ठेवा जपून असा अर्थ. त्यांना काय कळणार होतं? तोंडही उघडलं मी. पण त्या फळीखाली बसून नाही जमलं.

मी सगळं सांगितलं. ओला कप, फळी, 'परत एकदा', शनिवार, पिंप. मग त्या रविवारचं. मी काय म्हणालो ते, आणि का म्हणालो तेही. शेवटपर्यंत सांगितलं.

वहिनींनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. "दर रविवारी तुम्हाला चहा करून दिला मी."

"हो."

"या खुर्चीत बसून प्यायलात."

"हो, वहिनी."

"एकदा विचारलं असतंत तर काय झिजलं असतं तुमचं?"

काहीच झिजलं नसतं. मला रडू आलं. कपाची कड धरून मी म्हाताऱ्या बाईसारखा रडलो. वहिनींनी मला थांबवलं नाही की समजूत घातली नाही. त्या उठल्या, माझ्या हातातला कप घेतला आणि स्वयंपाकघरात गेल्या. रेकॉर्डी गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं आणते म्हणाल्या.

आत नळ सुरू झाला. कप विसळल्याचा आवाज. मग नळ बंद झाला आणि त्या गुणगुणायला लागल्या. त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. राग आलेली, दुःखी बाई, हाताने काम करतेय आणि तोंडात आपसूक जे बसलंय ते येतंय. तेच गाणं होतं. वहिनींना गाण्यातलं काही कळत नाही, त्या स्वतःच म्हणायच्या. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला चढ आला आणि त्या चढाच्या पायथ्याशी थांबल्या.

अगदी जरासं. टिचकी मारल्यावर थांबावं तेवढं. खालचा सूर पुरता संपू दिला आणि मग सरळ वर गेल्या, वरचा सूर लागला तो स्वच्छ, कुठे हिसका नाही.

मी खुर्चीत ताठ झालो. रेकॉर्डवरची बाई तिथे थांबत नाही. ती सलग जाते, मी ते हजार वेळा ऐकलंय. वहिनींनी हे रेकॉर्डवरून उचललेलं नव्हतं. हे भिंतीपलीकडून आलेलं होतं, नऊ वर्षं, रोज दुपारी. तो थांबा त्याचा होता. जिथे हात कापला होता तिथे त्याने आपली जागा शोधली होती. त्या बाईची नक्कल सोडून दिली होती.

"वहिनी!" मी ओरडलोच.

त्या दारात आल्या. हात ओले, बगलेत वर्तमानपत्रं.

"ते... आत्ता म्हणत होतात ते."

"काय म्हणत होते?"

"परत एकदा," मी म्हणालो.

हे दोन शब्द म्हणजे काय, हे पाच मिनिटांपूर्वी मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता या मला घराबाहेर काढणार. तसं केलं असतं तरी चाललं असतं.

पण त्यांनी वर्तमानपत्रं स्टुलावर ठेवली. पदराला हात पुसले. फळीकडे एकदा बघितलं. मग उभ्या उभ्या म्हणायला सुरुवात केली. आवाज कापत होता. पहिलीच ओळ हलली. दुसऱ्या ओळीला थांबायचं राहून गेलं, चढ अर्ध्यात सुटला आणि वरचा सूर घोगरा, दबलेला, खालीच राहिला. हुबेहूब तसाच, जसा मी त्या रविवारी ऐकला होता.

त्या थांबल्या. ओशाळल्यासारखं हसल्या.

"समोर कोणी बसलं की नाही येत मला," वहिनी म्हणाल्या. "यांचंही तसंच होतं. शिकवणारेसुद्धा म्हणायचे, एकटे असताना सुंदर वाजवतात. पहिल्यांदा तुमच्यापुढे वाजवायचं होतं ना, तेव्हा आदल्या रात्रभर झोप नव्हती त्यांना. सकाळी तळहाताला नुसता घाम. दहा वेळा हात पुसले, भावजी. तरी ओलेच."

मी उठलो. गुडघा दुखत होता. फळीवरून व्हायोलिन दोन्ही हातांनी खाली काढलं. मला वाजवता येत नाही. मधल्या बोटाने त्याच्या लाकडाला हलकेच टिचकी मारली आणि आवाज पुरता संपेपर्यंत थांबलो.

"धड," मी म्हणालो.

ऐकायला खोलीत वहिनींशिवाय कोणी नव्हतं.